रस्त्यावरची मरणं नक्की कशाने कमी होतात? (ग्रामसभेच्या ठरावासाठी मदत हवी)

फाट्यावरची

जानेवारीत माझा मावसभाऊ अपघातात गेला. वय २९. एमआयडीसीतून जनरल शिफ्ट करून साडेसातच्या सुमारास मोटारसायकलवर घरी येत होता. आमच्या फाट्याच्या अलीकडे उसाची ट्रॉली पंक्चर होऊन रस्त्यावरच उभी होती. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. समोरून येणाऱ्या गाडीचा उजेड डोळ्यांवर आला की अशी ट्रॉली दिसतच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिथे गेले. ट्रॉली नेली होती, पण चाकाला उटी म्हणून लावलेले दोन दगड रस्त्यावर तसेच पडलेले. मागून सायकलवर शाळेची पोरं येत होती म्हणून मी ते ढकलत कडेला नेले. एक तर मला एकटीला हलेना.

नंतर फिर्यादीची प्रत मिळाली. त्यात लिहिलंय की मयताने रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून, हयगयीने, अविचाराने, भरधाव वेगात मोटारसायकल चालवून उभ्या ट्रॉलीस पाठीमागून धडक दिली व स्वतःच्या मरणास कारणीभूत झाला. म्हणजे आरोपी तोच, आणि आरोपी मयत, म्हणून अबेटेड समरी. फाईल बंद.

या फाट्यावर गेल्या चार वर्षांत गेलेला हा माझ्या माहितीतला पाचवा माणूस. १ मेच्या ग्रामसभेत ठराव करायचा आहे. गावातले सगळे म्हणतात गतिरोधक मागू. मला वाटतं एवढ्याने भागणार नाही. सरकार रस्ता सुरक्षेवर इतकं काही करतं, दंड वाढवले, कॅमेरे बसवले, जानेवारीत अभियान असतं. यातल्या कशाने माणसं खरंच वाचली, हे कुणी अनुभवाने सांगू शकेल का? म्हणजे नेमकं तेच मागता येईल.

रानपाखरू

ताई, वाचून पोटात गोळा आला. तुमच्या मावशीला कसं सावरत असाल.

प्रश्नाबद्दल स्पष्ट बोलतो. आपल्याकडे शिस्त नाही, हेच मूळ आहे. सिग्नल तोडणार, उलट्या बाजूने येणार, पोरगं पंधराचं झालं की हातात गाडी देणार. सरकार किती पुरं पडणार? २०१९ चा सुधारित मोटार वाहन कायदा १ सप्टेंबरपासून देशात लागू झाला, पण वाढीव दंड आपल्या राज्यात यायला डिसेंबर २०२१ उजाडला. लोकांनी ओरड केली म्हणून सरकार थांबलं. आताही ई-चलनं थकवून लोक लोकअदालतीची वाट बघतात, तिथे तडजोड होते म्हणून. दंडाची भीती बसल्याशिवाय काही बदलणार नाही.

घाटवाट

@रानपाखरू, शिस्त नाही हे मान्य. पण माणसं तीच असताना मरणं कमी झाल्याचं एक उदाहरण मी डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून लिहितो.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरून मी २००४ पासून दर आठवड्याला ये-जा करतो. साधारण ९४ किलोमीटरचा रस्ता. २०१६ साली त्यावर १५१ माणसं मेली. त्याच वर्षी तिथे 'झिरो फॅटॅलिटी कॉरिडॉर', म्हणजे एकही मरण होऊ न देण्याचा प्रकल्प, सुरू झाला: रस्ते विकास महामंडळ, महामार्ग पोलीस आणि सेव्हलाईफ फाउंडेशन मिळून. ही संस्था काढणाऱ्या पीयूष तिवारी यांचा नात्यातला शाळकरी भाऊ २००७ मध्ये रस्त्यावर गेला. बघे जमले होते, पण वेळेत मदत मिळाली नाही. त्यातून त्यांनी हे काम उभं केलं. फाट्यावरची ताई, तुमचं वाचताना तेच आठवलं.

या लोकांनी प्रत्येक अपघाताच्या जागी जाऊन पाहणी केली. चूक कुणाची एवढ्यावर न थांबता माणूस नेमका कशावर आपटून मेला ते शोधलं. उत्तरं साधी होती. पुलाचे उघडे खांब. काँक्रीटची उघडी टोकं. दुभाजकावर उडून पलीकडच्या गाडीवर आदळणं. कडेला उभा केलेला ट्रक. मग खांबांपुढे संरक्षक कठडे आले, दुभाजकात लोखंडी दोरांचं कुंपण आलं, उभे ट्रक हटवायला गस्त वाढली. पुढच्या काही वर्षांत मृत्यूंचा आकडा शंभराच्या आत आला. त्या काळात वाहनं वाढतच होती आणि चालवणारे आपणच होतो. तेच बेशिस्त.

२०१८ च्या पावसाळ्यात माझ्यापुढची गाडी घसरून त्या दोरांवर गेली. दोर ताणले, खांब वाकले, गाडी तिथेच अडकून थांबली. आतलं जोडपं दार उघडून स्वतःच्या पायांनी बाहेर आलं. बाईच्या हातात टिफिनची पिशवी होती. आधीच्या दुभाजकावर ती गाडी माझ्या अंदाजाने पलीकडे गेली असती.

पेठेतला

हे द्रुतगती मार्गाचं ठीक. शहरातल्या सामान्य माणसाला मात्र हेल्मेटसक्तीच्या नावाखाली छळतात त्याचं काय? जानेवारी २०१९ मध्ये पुण्यात सक्ती आली तेव्हा आम्ही मोर्चा काढला होता आणि आजही त्या मतावर ठाम आहे. शहरात वेग ३०-४० चा. मान दुखते, बाजूचं ऐकू येत नाही. महामार्गावर सक्ती करा, विरोध नाही. शहरात आधी खड्डे बुजवा आणि मग आमच्या डोक्याकडे बघा.

परिचारिका_रातपाळी

@पेठेतला दादा, खड्डे बुजवायलाच हवेत. पण मी १६ वर्षं सरकारी रुग्णालयात आहे, त्यातली ९ न्यूरोसर्जरीच्या वॉर्डात. शहरातल्या ३०-४० च्या वेगाबद्दल मला सांगावंच लागेल.

डोकं फुटायला वेग लागत नाही. माणूस दुचाकीवरून पडतो तेव्हा डोकं पाच-साडेपाच फुटांवरून डांबरावर येतं. कुत्रं आडवं आलं, रिक्षाचं दार उघडलं, ओढणी चाकात गेली. आमच्याकडे येणाऱ्यांत भरधाव जाणारे असतातच, पण भाजी आणायला गेलेलेही कमी नसतात. २०२२ च्या केंद्राच्या अहवालात हेल्मेट नसल्याने गेलेल्यांचा आकडा ५०,०२९ आहे, त्यातले १४,३३७ मागे बसलेले. मागची बाई पदर सावरत एका कुशीने बसलेली असते, धरायला काही नसतं.

आणखी एक. हेल्मेट घातलं होतं असं नातेवाईक शपथेवर सांगतात आणि ते खरंही असतं. पण पट्टा लावलेला नसतो. पडताना हेल्मेट आधी उडतं, डोकं नंतर आपटतं. ज्यांचा पट्टा लावलेला असतो त्यांचा आम्हाला कधी कधी कापावा लागतो. तशी हेल्मेटं घरच्यांच्या हातात देते. एका आजोबांनी ते घेऊन वॉर्डाच्या बाकावर रात्र काढली. हेल्मेटाला उजवीकडे हाताएवढी चीर होती. नातू आठव्या दिवशी चालत घरी गेला.

दंड ५०० रुपये आणि परवाना निलंबन, एवढं लिहून भागत नाही. १ जून २०२१ पासून आयएसआय खुणेशिवाय हेल्मेट विकायला बंदी आहे, तरी रस्त्याकडेला दोनशे रुपयांची टोपी हेल्मेट म्हणून मिळतेच. सरकारने तिथे हात घालावा.

पेठेतला

ताई, पट्ट्याचं आणि मागे बसणाऱ्यांचं खरंच लक्षात आलं नव्हतं. आमच्या घरात बायको मागे बसते, तिच्यासाठी हेल्मेटच नाही. सक्तीच्या पद्धतीबद्दल माझं मत कायम आहे, पण या रविवारी तिच्यासाठी आणतो.

एसटीवाला_काका

मी तीस वर्षे एसटीत ड्रायव्हर होतो. आता रिटायर. विनाअपघात सेवेचा बिल्ला मिळालेला आहे, तो देवघराशेजारी लावलाय.

नवले पुलाचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. कात्रजचा नवीन बोगदा संपला की साताऱ्याकडून येणाऱ्या गाडीला सलग उतार लागतो, नवले पुलापर्यंत. २० नोव्हेंबर २०२२ ला एका ट्रकने तिथे ४८ गाड्या ठोकल्या. १३ नोव्हेंबर २०२५ ला कंटेनर घुसला, ८ माणसे गेली. पेपरात येते ब्रेक फेल. ब्रेक आपोआप फेल होत नाही. डिझेल वाचवायला ड्रायव्हर उतारावर गाडी न्यूट्रलला टाकतो. इंजिनचा अटकाव गेला की सगळा भार ब्रेकवर. ब्रेक तापतो, लायनर जळाल्याचा वास येतो, मग पेडल दाबून काही उपयोग नाही. ज्या गिअरने घाट चढायचा त्याच गिअरने उतरायचा, असे आम्हाला शिकवले होते.

मग ड्रायव्हर असे का करतो? मालक डिझेल मोजून देतो. वाचलेले त्याचे, कमी पडले तर पगारातून. तीनशे लिटरमधून दहा वाचले तर पोराची वही-पुस्तके येतात. त्याला नुसता दंड मारून काय होणार? मालकाला विचारा.

आणि ताई, झोपेचे. ट्रकवाला अठरा-अठरा तास चालवतो. रात्री थांबायला जागा नाही म्हणून कडेला लावतो, आणि मागून येणारा त्याच्यावर जातो. तुमच्या भावासारखाच. टोल घेता तर पन्नास-साठ किलोमीटरला ट्रक लावायची उजेडाची जागा द्या, संडास द्या, आंघोळीला पाणी द्या. यानेच माणसे वाचतील असे मी खात्रीने सांगतो.

वऱ्हाडी_माणूस

काका अगदी बरोबर बोलले. आमच्या समृद्धीवर तेच झालं. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला. रस्ता गुळगुळीत, खड्डा औषधाला नाही. तरी माणसं मरू लागली. १ जुलै २०२३ च्या रात्री सिंदखेडराजाजवळ खासगी बस उलटून पेटली, २५ जण जळाले. नागपूरहून निघालेली, आमच्या भागातली तरणी पोरं.

सरळसोट रस्ता. वळण नाही, झाड नाही. डोळे उघडे आणि माणूस झोपलेला. त्यात घासलेले टायर आणि उन्हाळ्यातलं तापलेलं काँक्रीट. नंतर आरटीओने टोलवर टायर तपासून गाड्या परत पाठवायला सुरुवात केली, ते काम मला मनापासून आवडलं. पण इतका लांबचा रस्ता सुरू करताना पेट्रोल, चहा, मुतारी यांची सोय आधी का नव्हती? रस्ता म्हणजे नुसतं काँक्रीट नाही न भाऊ.

चाकरमानी

आमच्याकडे काँक्रीट तरी कुठे पुरं झालंय. मुंबई-गोवा महामार्गाचं काम २०११ पासून चालू आहे. गणपतीला रात्री निघायचं म्हणजे वळवलेला रस्ता कुठे येईल याचा नेम नाही. मातीने भरलेल्या गोण्या, त्यांवर एकदा मारलेला चुना, तोही पावसाने धुतलेला. अर्धवट पुलाची तोंडं तशीच उघडी. २ ऑगस्ट २०१६ ला महाडला सावित्रीवरचा पूल वाहून गेला ती रात्र आमच्या गावात कुणी विसरलेलं नाही. रस्ता पुरा होईस्तोवर तरी कडेला चमकणाऱ्या खुणा लावा, एवढंच मागणं आहे.

उत्तरेकडचा

मूळचा इचलकरंजीचा, ११ वर्षं स्वीडनमध्ये गोथेनबर्गला आहे. इथली एक गोष्ट घाटवाट यांच्या मुद्द्याला जोडून सांगतो.

१९९७ साली इथल्या संसदेने ठरवलं की रस्त्यावर एकही माणूस मरणं किंवा कायमचं जायबंदी होणं मान्य करायचं नाही. माणूस चुकणारच, हे गृहीत धरायचं आणि त्या चुकीची शिक्षा मरण होणार नाही असा रस्ता बांधायचा. त्या वर्षी इथे ५४१ माणसं मेली होती. आता वर्षाला दोनशेच्या आसपास जातात.

केलं काय, तर तेरा मीटर रुंदीचे जुने दुपदरी रस्ते होते, ज्यांवर ओव्हरटेक करताना समोरासमोर धडका व्हायच्या. ते मोठे करण्याऐवजी तेवढ्याच रुंदीत तीन मार्गिका आखल्या. मध्ये दोरांचं कुंपण. काही अंतर दोन मार्गिका एका बाजूला, मग दोन दुसऱ्या बाजूला. ओव्हरटेकला आळीपाळीने संधी. दुचाकीवाले चिडले होते, दोर आम्हाला कापतील म्हणून. प्रत्यक्षात त्या रस्त्यांवर दुचाकीस्वारांची मरणंही घटली. वेगाच्या कॅमेऱ्याआधी इथे पाटी असते, पुढे कॅमेरा आहे अशी. हेतू वसुलीचा नसतो, तिथे वेग कमी व्हावा एवढाच असतो.

रानपाखरू

स्वीडनची लोकसंख्या एक कोटीच्या घरात. आपल्याकडे एकट्या महाराष्ट्रात वर्षाला पंधरा हजारांवर माणसं मरतात. तिथे रस्त्यावर ट्रॅक्टर, म्हैस, लग्नाची वरात आणि उलट्या बाजूचा दुचाकीवाला एकाच वेळी नसतो. तुलना कशी करायची?

उत्तरेकडचा

@रानपाखरू, दोर आपल्याकडेही लागले आणि चालले, घाटवाट यांनी पाहिलेत. तुलना आकड्यांची करू नका, प्रश्न विचारण्याची करा. इथे रस्त्यावर मृत्यू झाला की रस्ते खात्याची माणसं जागेवर येऊन या रस्त्यात काय बदलता येईल ते पाहतात. आपल्याकडे 'भरधाव वेगात' लिहिलं की रस्ता सुटतो.

रानपाखरू

हे पटलं. फिर्यादीतलं ते वाक्य मी आजवर शंभरदा बातम्यांत वाचलं असेल. त्याने दुसरा प्रश्नच बंद होतो हे डोक्यात आलं नव्हतं.

सूर्याकाठ

पालघरचा आहे. आमच्या चारोटीजवळ ४ सप्टेंबर २०२२ ला सायरस मिस्त्री गेले. पुढे बसलेले दोघे वाचले, मागे बसलेले दोघे गेले, मागच्यांनी बेल्ट लावला नव्हता. त्यानंतर मागच्या बेल्टची चर्चा देशभर झाली, चांगलंच झालं. पण सूर्या नदीच्या त्या पुलावर तीन मार्गिकांच्या दोन होतात आणि पुलाचा कठडा रस्त्यात पुढे आलेला होता, हे आम्ही जाता-येता बघत होतो. बेल्टही खरा आणि कठडाही खरा. मोठं माणूस गेलं म्हणून कठड्याची चर्चा तरी झाली.

काळा_कोट

फाट्यावरची ताई, ठरावाचं इतर मंडळी सांगतील. मला तुमच्या मावशीच्या घराची काळजी आहे, म्हणून तेवढंच लिहितो.

फिर्याद मयताविरुद्ध असली तरी नुकसानभरपाईचा दावा संपत नाही. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात ट्रॅक्टर-ट्रॉलीचा मालक आणि विमा कंपनी यांच्याविरुद्ध दावा लावा. इतरांना धोका होईल अशा तऱ्हेने वाहन रस्त्यावर सोडायला मोटार वाहन कायद्याच्या कलम १२२ ने मनाई आहे. भावाचाही काही दोष धरला गेला तर भरपाई तेवढी कमी होईल, पण शून्य होणार नाही. सुधारित कायद्यात दाव्याला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली आहे, म्हणून जुलैची वाट बघू नका. घटनास्थळाचा पंचनामा, शवविच्छेदन अहवाल आणि ट्रॉलीच्या मागच्या बाजूचे फोटो, कुणाच्याही मोबाईलमध्ये असतील तर आजच मागून घ्या. फोटो पुसले जातात. दगड सरकवताना तुम्ही काय पाहिलंत तेही तारीख घालून लिहून ठेवा. तुम्ही साक्षीदार आहात.

आणखी दोन गोष्टी गावात सगळ्यांना सांगा. जखमीला दवाखान्यात नेणाऱ्याला नाव-पत्ता सांगायची सक्ती करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ ला तसे निर्देश पक्के केले आणि पुढे ते कलम १३४अ म्हणून कायद्यात आलं. आणि मे २०२५ पासून अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाखाच्या मर्यादेत रोकडविरहित उपचारांची योजना आहे. या योजनेचं नाव अजून कित्येक गावांत पोचलेलं नाही.

परिचारिका_रातपाळी

काळा कोट यांच्या शेवटच्या ओळीला माझी साक्ष. गेल्या महिन्यात एक जण जखमीला स्वतःच्या टेम्पोतून घेऊन आला आणि स्ट्रेचरवर ठेवून पळत सुटला, पोलीस धरतील म्हणून. मी मागे धावले. मला फक्त विचारायचं होतं की पेशंट वाटेत बोलत होता का, उलटी झाली का. डॉक्टरांना तेवढंही सांगितलं तर फार मदत होते. पळू नका हो कुणी.

सेवानिवृत्त_उपअभियंता

हा धागा मी तीन दिवस वाचतोय. लिहावं की नाही ठरत नव्हतं.

३४ वर्षं रस्त्यांचं काम केलं. अपघात झाला की पोलीस पंचनाम्याला बोलवायचे. 'रस्ता डांबरी, सरळ, सुस्थितीत' असं लिहिलेल्या कागदावर मी अनेकदा सही केलेली आहे. रस्ता सुस्थितीत असायचाच. पण उतारावर ऐन वळणात फाटा फुटतोय, बाभळीने समोरचं दिसत नाही, हे त्या नमुन्यात लिहायला रकाना नव्हता आणि मीही वेगळं लिहिलं नाही. मला ते आज लागतं.

आता ताईंच्या प्रश्नाकडे. गतिरोधकाची मागणी का येते ते मला ठाऊक आहे. अपघात होतो, गाव रास्ता रोको करतं, दुसऱ्या दिवशी खडी-डांबर टाकून ढिगारा घातला जातो. इंडियन रोड्स काँग्रेस या रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या संस्थेच्या नियमाप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि मध्ये १० सेंटिमीटर उंच हवा, त्यावर पांढरे पट्टे आणि आधी सूचना फलक हवा. गावोगावी असतो तो दोन फूट रुंद आणि गुडघ्याला लागेल असा. रात्री दुचाकीवाला त्यावरूनच उडतो. ज्यांना वाचवायला घातला तेच त्यावर मरतात. राज्यमार्गावर तो एकमेव उपाय म्हणून मागू नका.

त्याऐवजी असं करा. ५०० मीटरच्या लांबीत तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात झाले, किंवा १० मृत्यू झाले, तर त्या जागेला अपघातप्रवण स्थळ म्हणजे ब्लॅक स्पॉट धरतात. तुम्ही पाच मृत्यू चार वर्षांतले म्हणता. पण गंभीर जखमी मोजलेत का? ज्यांचे पाय मोडले, ज्यांची नोंद पोलीस ठाण्यात आहे, तेही त्या पाचांत धरतात. माहिती अधिकारात पोलीस ठाण्याकडून फाट्यावरच्या गेल्या तीन वर्षांतल्या गुन्ह्यांची यादी मागा. आकडा बसला की ठराव यादीसह जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडे पाठवा. जिल्हाधिकारी अध्यक्ष असतात, पोलीस, आरटीओ आणि बांधकाम खातं एकाच टेबलाशी असतं. तिथे गेलेला कागद टोलवायला अवघड.

मागायचं काय? फाट्याच्या दोन्ही बाजूंना रम्बलर पट्ट्या (गाडीला हादरा देणारे कमी उंचीचे आडवे पट्टे), कॅट आईज (रस्त्यात बसवलेले, उजेडात चमकणारे ठोकळे), फाटा दाखवणारा परावर्ती फलक, वळणातली झाडी छाटणं, फाट्यावर दिवा. एवढं महिना-दोन महिन्यांत होऊ शकतं, पैसा फार लागत नाही. आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम १९८अ चा उल्लेख ठरावात जरूर करा. रस्त्याची रचना, बांधणी किंवा देखभाल ठरलेल्या निकषांप्रमाणे न केल्याने मृत्यू झाला तर जबाबदार यंत्रणेला एक लाखापर्यंत दंडाची त्यात तरतूद आहे. रक्कम मोठी नाही, पण ते कलम वाचलेलं गाव म्हटलं की अधिकारी जागेवर येऊन बघतो. मी अधिकारी होतो म्हणून सांगतो.

घाटवाट

काका, तुम्ही लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. हा प्रतिसाद प्रत्येक ग्रामपंचायतीत चिकटवायला हवा.

डिसेंबर २०२४ मध्ये नितीन गडकरींनी लोकसभेत उघड सांगितलं होतं की अपघात कमी होण्याऐवजी वाढले आणि परदेशातल्या परिषदांत आपल्याला तोंड लपवावंसं वाटतं. २०२२ मध्ये देशात १,६८,४९१ माणसं गेली होती. मंत्री एवढं मोकळं बोलतात हे चांगलं, पण काम फाट्याफाट्यावरच होणार. तुमच्या फलकांनी आणि कॅट आईजनी.

फाट्यावरची

सगळ्यांचे उपकार कसे मानू कळत नाही. काय केलं ते लिहिते.

काल मी, माझे यजमान आणि मावशीचा धाकटा मुलगा टेप घेऊन फाट्यावर गेलो. वळणातून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला फाटा किती आधी दिसतो ते मोजलं. ३८ मीटर. मध्ये दोन बाभळी आणि एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स. दिवा नाही, पट्टे पुसलेले. पोलीस ठाण्यात माहिती अधिकाराचा अर्ज दिला, पोच घेतली. गेल्या तीन वर्षांत गंभीर जखमी झालेले गावातलेच चार जण आम्हाला बोलता बोलता आठवले, त्यातल्या एकीचा पाय गुडघ्याखाली काढावा लागला होता. तिने अर्जावर स्वतः सही केली. मृत्यूंतले दोन याच तीन वर्षांतले आहेत, म्हणजे मिळून सहा होतात.

काळा कोट दादा, ट्रॉलीचा फोटो मिळाला. शेजारच्या वस्तीवरच्या एका मुलाने त्या रात्री काढला होता, लाजत होता दाखवायला. मागच्या फळीवर रिफ्लेक्टर आहे त्यात. पण उसाचं पाचट लोंबून त्यावर आलंय, दिसतच नाही. सोमवारी वकिलांकडे जातोय.

ठरावात आणखी एक कलम घालायचं आहे, ट्रॉल्यांचं. कारखान्याकडे नेमकं काय मागावं? हंगामाच्या सुरुवातीला ते रिफ्लेक्टरच्या लाल पट्ट्या वाटतात, फोटो पेपरात येतो. तरी हे असं झालं.

एसटीवाला_काका

ट्रॉली पंक्चर झाली तर मागे पन्नास पावलांवर लाल त्रिकोण उभा करायचा. दगड नाही. त्रिकोण नसेल तर कारखान्याच्या वजनकाट्यावर ट्रॉली घ्यायचीच नाही, असे कारखान्याकडून लिहून घ्या. काट्यावर अडवले की दुसऱ्या दिवशी सगळे आणतात.

ऊस_बारा_एकर

मी ऊसवाला आहे, कोल्हापूरकडचा. माझाच ऊस अशा ट्रॉल्यांतून जातो, म्हणून इतके दिवस नुसतं वाचत होतो, लिहायचा धीर होत नव्हता.

पट्टी वाटून काम होत नाही ताई, तुमच्या फोटोत आहे तेच कारण. ट्रॉली भरताना मोळ्या मागे फळीच्या बाहेर येतात, पाचट आणि वाढं खाली लोंबतं. शेतातला चिखल उडून पट्टीवर बसतो तो वेगळाच. म्हणून पट्टी फळीवर नको, खाली चेसिसच्या आडव्या पट्टीवर पाहिजे, दोन्ही टोकांना, म्हणजे ट्रॉलीची रुंदी कळते. आणि भरून झाली की मागचं लोंबतं कोयत्याने साफ करून, पट्टी ओल्या फडक्याने पुसूनच ट्रॉली फडाबाहेर काढायची. दोन मिनिटांचं काम आहे, पण टोळी थकलेली असते, अंधार झालेला असतो, कुणी सांगत नाही. हे ठरावात लिहा, आणि काट्यावर ट्रॉलीच्या मागे टॉर्च मारून बघायला एक माणूस ठेवा म्हणावं.

आमच्या मुकादमाशी काल रात्री फोनवर बोललो. बीडकडचा माणूस आहे, हंगामाला पुन्हा येईल. पहिल्या दिवशी कोयत्यांबरोबर फडकी मी देणार आहे.